आधी घोट, मग बाटली

टोकियोतल्या कोणत्याही मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाण्यापिण्याचा बाजार भरलेला असतो. शिंजुकुचे इसेतान घ्या, निहोनबाशीचे मित्सुकोशी घ्या किंवा ताकाशिमाया, तळघरातल्या एका कोपऱ्यात साके आणि शोचूच्या बाटल्यांची भिंत उभी असतेच. कुंचल्याने काढल्यासारखी मोठी काळी अक्षरे, एखाद्या डोंगराचे किंवा नदीचे नाव, काही टक्केवारी आणि किंमत. जपानी लिपी न येणारा माणूस इथे गोंधळतो, यात नवल नाही. पण ती लिपी लहानपणापासून वाचणारा जपानी ग्राहकही या भिंतीपुढे फारसा निर्धास्त नसतो, कारण त्याला हवी असलेली गोष्ट, म्हणजे चव, बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलेली नसते. म्हणूनच टोकियोत साके किंवा शोचू कुठे घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर दुकानांच्या यादीने देता येत नाही. जिथे आधी छोटा पेला मिळतो आणि चार पेले शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येतात, ती जागा खरेदीची. बाटलीची पाळी त्यानंतर. या शहराने चाखणे आणि विकणे एकाच छपराखाली आणण्याची रीत शतकानुशतके जपली आहे आणि पाहुण्याने तिचा फायदा घ्यावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

ही पेये मुळात काय आहेत, ते आधी पाहू. जपानी भाषेत ‘साके’ म्हणजे कोणतेही मद्य. आपण ज्याला साके म्हणतो त्याला तिथे ‘निहोनशू’ म्हणतात, म्हणून दुकानात हाच शब्द वापरलेला बरा. निहोनशूला ‘तांदळाची वाइन’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. द्राक्षात साखर तयारच असते, यीस्ट पडले की रस आंबू लागतो. तांदळात साखर नसते, पिष्ट असते. त्या पिष्टाची साखर करण्यासाठी वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात. मग एकाच पिंपात कोजी पिष्टाची साखर करत राहते आणि त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचे मद्य करत राहते. दोन्ही कामे अशी हातात हात घालून चालल्यामुळे साकेतले मद्यार्काचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. नंतर पाणी घालून ते बहुधा 15-16 टक्क्यांवर आणतात. शोचूतही हीच कोजी असते, पण आंबलेले मिश्रण पुढे भट्टीवर गाळले जाते. रताळे, सातू, तांदूळ, गूळवजा काळी साखर, बकव्हीट असे कितीतरी कच्चे माल त्यात चालतात आणि बाटलीतले प्रमाण साधारण 25 टक्के असते. कोजी वापरून मद्य करण्याच्या या पारंपरिक कौशल्याला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यात साकेबरोबर शोचू आणि ओकिनावाची आवामोरीही आहे.

चिठ्ठी काहीच सांगत नाही, असे नाही. साकेसाठी तांदूळ वरून घासून लहान करतात, कारण दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिने आणि स्निग्धांश जास्त असतात. घासल्यावर दाण्याचा किती भाग उरला, तो आकडा चिठ्ठीवर असतो. 60 टक्के किंवा त्याहून कमी उरला असेल तर ‘गिंजो’, 50 टक्के किंवा कमी असेल तर ‘दाइगिंजो’. ‘जुनमाई’ लिहिले असेल तर वरून मद्यार्क घातलेला नाही. ही वर्गवारी 1990 साली लागू झाली आणि ती उपयोगी आहे, पण ती कृती सांगते, चव नव्हे. यामागुची प्रांतातल्या दास्साई या साकेच्या एका प्रकारात तांदळाचा फक्त 23 टक्के गाभा ठेवतात. त्यामागच्या मेहनतीबद्दल शंका नाही. मात्र 23 हा आकडा 70 पेक्षा चांगला, असा त्याचा अर्थ नाही. कमी घासलेल्या तांदळाच्या साकेला भाताचा, धान्याचा भरीव स्वाद असतो, तर खूप घासलेल्या तांदळाची साके हलकी होते आणि तिला बहुधा फळांसारखा वास येतो. कोणाला काय रुचेल, ते आकड्यावरून कळत नाही. पोळीच्या पिठाची चाळण किती बारीक होती हे कळले म्हणून पोळी कशी लागेल हे कळत नाही, तसेच हे.

यावर कोणी म्हणेल, मग तज्ज्ञांनी चाखून प्रती ठरवाव्यात आणि ग्राहकाने त्या पाहून घ्यावे. जपानने ही वाटही चालून पाहिली आहे. 1992 पर्यंत तिथे साकेच्या ‘विशेष’, ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ अशा सरकारी प्रती होत्या. वरची प्रत हवी असेल तर माल परीक्षेला पाठवावा लागे आणि वरच्या प्रतीवर करही जास्त असे. मियागी प्रांतातल्या इचिनोकुरा या कारखान्याने 1977 साली या पद्धतीलाच आव्हान दिले. उत्तम साके परीक्षेला न पाठवता त्याने ती ‘दुसरी प्रत’ म्हणून स्वस्तात बाजारात आणली. नावच ठेवले ‘मुकान्सा’, म्हणजे परीक्षा न झालेली. खरी पारख पिणाऱ्यानेच करायची, असा निरोप तिच्या चिठ्ठीवर होता. ती साके आजही विकली जाते आणि ज्या प्रतींना तिने आव्हान दिले त्या मात्र इतिहासजमा झाल्या. परीक्षकांचे शिक्के ग्राहकाच्या जिभेची जागा घेऊ शकत नाहीत, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायला नको.

किमतीचेही तेच. बऱ्या गोष्टीला चार पैसे जास्त पडतात, हा आपला अनुभव खोटा नाही. घासण्यात अर्ध्याहून अधिक तांदूळ गमावला, थंडीत हळूहळू आंबवला, तर खर्च वाढणारच. पण एका मर्यादेपलीकडे किंमत सांगते ती फक्त टंचाई. या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये शोचूची लाट आली आणि 2003 मध्ये तिच्या विक्रीने साकेला मागे टाकले. त्या लाटेत कागोशिमाच्या मोरी इझो, माओ आणि मुराओ या तीन रताळ्याच्या शोचूंची नावे गाजली. मोरी इझोसाठी तर सोडत काढायची वेळ आली. कारखान्याच्या दराने मिळाली तर ही बाटली सामान्य माणसाला परवडणारी. तीच फेरविक्रीच्या दुकानात कित्येक पट महाग. आतले द्रव्य तेच, वाढली ती मागणी. पाहुणा नेमका फेरविक्रीच्या झगमगत्या काचेपुढे उभा राहतो आणि नावाचे पैसे मोजतो. त्याच पैशांत त्याला दहा वेगळ्या शोचू चाखून एक आवडती बाटलीही घेता आली असती.

चाखून घ्यायचे, तर टोकियोच का? याचे उत्तर या शहराच्या जन्मात आहे. एडो, म्हणजे जुने टोकियो, हे साके करणाऱ्यांपेक्षा साके पिणाऱ्यांचे शहर होते. चांगला माल पश्चिमेकडून, इतामी आणि नादा इथून येई. नादाचे साके करणारे त्या भागातल्या ‘मियामिझु’ या खनिजयुक्त पाण्याच्या जोरावर नावारूपाला आले होते. पिंपे लादलेली खास जहाजे किनाऱ्याकिनाऱ्याने एडोला येत आणि शिनकावाच्या घाऊक पेढ्यांत माल उतरे. उत्कर्षाच्या काळात वर्षाला दहा लाखांच्या आसपास पिंपे येत असत, असे सांगतात. ज्या शहरात सगळीकडचा माल येतो, तिथे तुलना आपोआप होते. 1596 साली कान्दा भागातल्या धक्क्यावर सुरू झालेले तोशिमाया हे दुकान याच वातावरणातले. तिथे साके जवळपास खरेदीच्या दराने पाजली जाई, सोबत मिसो लावून भाजलेले टोफू असे आणि रिकामी पिंपे विकून नफा काढला जाई, अशी त्याची ख्याती. विकण्याच्या जागीच पाजायचे, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः पारख करते, हे या व्यापाऱ्याला चारशे वर्षांपूर्वी कळले होते. तोशिमायाने 2020 मध्ये कान्दातच उभ्याने पिण्याचे दुकान पुन्हा उघडले.

दुकानातच उभ्याने पिण्याच्या या रिवाजाला ‘काकुउची’ म्हणतात. हा शब्द क्यूशूच्या उत्तर टोकाच्या किताक्यूशू या पोलादी शहराशी जोडला जातो. तिथे रात्रपाळी संपवून येणारे कामगार मद्याच्या दुकानात उभे राहून, लाकडी मापाच्या कोपऱ्याला ओठ लावून पीत. काकुउची म्हणजे बार नव्हे, ते विक्रीचे दुकानच. त्यामुळे खाण्याला डबाबंद मासे, शेंगदाणे, चीज असे साधेच, आणि दर बारपेक्षा कमी. टोकियोत अशी दुकाने जुन्या वस्त्यांतही आहेत आणि चकचकीत इमारतींतही. टोकियो स्थानकाच्या आतल्या बाजारात हासेगावा साकेतेनचे दुकान आहे. तिथे काउंटरवर पेला घेता येतो आणि दुकानातच एक छोटी भट्टी चालते. नवख्या माणसासाठी मात्र सर्वांत सोयीची जागा निशी-शिम्बाशीत, तोरानोमोनजवळ आहे. साके आणि शोचू करणाऱ्यांच्या देशव्यापी संघटनेचे माहिती केंद्र तिथे तिच्याच इमारतीत तळमजल्यावर आहे. कोणा एका कारखान्याची भलावण करणे हे त्याचे काम नाही. देशभरचे नमुने तिथे छोट्या पेल्यात, थोडक्या पैशांत मिळतात आणि शंका विचारता येतात. उघडण्याच्या वेळा आधी पाहून जावे आणि पहिला दिवस इथे घालवावा. कोरडी, गोड, आंबट, धान्याची, फळांची अशी चार-पाच टोके एकदा जिभेला कळली की तळघरातल्या बाटल्यांच्या भिंतीची भीती राहत नाही.

शोचूसाठी वाट थोडी वेगळी आहे, कारण शोचू मातीला जास्त घट्ट धरून असते. कागोशिमाची रताळ्याची, कुमा खोऱ्यातली तांदळाची, इकी बेटावरची सातूची, अमामी बेटांवरची काळ्या साखरेची. ही शेवटची तर त्या बेटांबाहेर करण्याची परवानगीच नाही. इकी, कुमा आणि ओकिनावाची आवामोरी म्हणजे र्‍यूक्यू यांना 1995 साली भौगोलिक ओळख मिळाली, कागोशिमाच्या सात्सुमाला 2005 साली. म्हणून शोचू चाखायची तर प्रांतांनी राजधानीत थाटलेल्या दुकानांत जावे. गिन्झा आणि युराकुचोच्या परिसरात कागोशिमा, ओकिनावा, कोची, हिरोशिमा अशा प्रांतांची दुकाने चालत जाण्याच्या अंतरात आहेत. एका दुपारी जणू अर्धा देश पालथा घालता येतो. यांपैकी काही दुकानांत चाखण्याची सोय असते. नसेल तिथे निदान हे कळते की त्या पेयाबरोबर त्या प्रांतात काय खातात. घेताना एक शब्द लक्षात ठेवावा, ‘होनकाकु’, म्हणजे एकदाच गाळलेली अस्सल शोचू. तिच्यात कच्च्या मालाचा वास टिकतो. पुन्हा पुन्हा गाळलेली दुसरी जात जवळजवळ निर्गंध असते आणि ती फळांचे रस मिसळून पिण्यासाठी ठीक.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. एक घोट खरे सांगतो का? शेजारी शेजारी ठेवलेल्या पाच पेल्यांत जो जास्त सुगंधी, जो जास्त गोड, तो पहिल्या घोटात बाजी मारतो. केळ्या-सफरचंदाच्या वासाची थंडगार दाइगिंजो तिथे जिंकते आणि साधी जुनमाई फिकी वाटते. जेवणावर पूर्ण पेला घेतला की चित्र अनेकदा उलटते. वास नाकात बसतो, जेवण झाकले जाते आणि साधीच साके माशाला, लोणच्याला, कढणाला साथ देते. रताळ्याच्या शोचूचे तर आणखी हाल. नुसती घेतली तर उग्र लागते, पण कागोशिमात ती बहुधा गरम पाणी घालून घेतात. पेल्यात आधी पाणी, मग शोचू, अनेकदा चारास सहा या मापाने. तेव्हा तिचा भाजलेल्या रताळ्यासारखा वास उमलतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तो चाखण्याविरुद्ध नाही, घाईघाईने चाखण्याविरुद्ध आहे. उपाय सोपे आहेत. एकच साके थंड आणि कोमट, ‘नुरुकान’ म्हणजे साधारण 40 अंशांवर, अशी दोनदा मागावी. सोबत काही खारट खावे. शोचूसाठी गरम पाणी मागावे. आणि पहिल्या घोटाला जी आवडली तिच्याकडे शेवटी परत जाऊन पाहावे. परत गेल्यावरही आवडली तर बाटली घ्यावी. चिठ्ठी वाचून घेणाऱ्याला ही दुसरी संधी कधीच मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की खरा रसिक शहरात थांबत नाही, तो कारखान्यावर जातो. जावेच. टोकियोच्याच हद्दीत, पश्चिमेला ओमे इथे तामा नदीकाठी ओझावा यांचा 1702 पासूनचा कारखाना आहे. त्यांची सावानोई ही साके तिथेच चाखता येते आणि सावाई स्थानकावरून पायी जाता येते. शहराच्या मध्यात, शिबा भागातही 2011 पासून एका चिंचोळ्या चार मजली इमारतीत एक जुनी भट्टी पुन्हा पेटली आहे. पण कारखान्यावर एकाच घरची चव मिळते, आणि डोंगर, पाणी, यजमानांचे अगत्य यांनी मन आधीच जिंकलेले असते. तिथली बाटली घरी आणल्यावर वेगळी लागली तर दोष तिचा नसतो. तुलना शहरातच होते. म्हणून क्रम असा ठेवावा: शहरात चव ओळखावी, मग जी भावली तिच्या गावी जावे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. मद्य हे मद्यच, मग ते ‘चाखणे’ म्हणून घेतले तरी. हे खरे आहे, म्हणूनच हिशेब मांडायला हवा. साकेचे रूढ माप ‘गो’ म्हणजे 180 मिलिलिटर. 15 टक्क्यांच्या एका गोमध्ये सुमारे 21-22 ग्रॅम मद्यार्क असतो. 30 मिलिलिटरच्या चाखण्याच्या पेल्यात 3.6 ग्रॅम, म्हणजे पाच वेगळ्या साके चाखल्या तरी 18 ग्रॅम. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार रोज पुरुषाने 40 आणि स्त्रीने 20 ग्रॅम मद्यार्क घेतल्यास जीवनशैलीच्या आजारांचा धोका वाढतो. शोचूचे गणित वेगळे. तेवढ्याच पेल्यात 6 ग्रॅम, म्हणून तिथे तीनच पेले. सोबत तितकेच पाणी प्यावे. तिथे त्याला नावही आहे, ‘यावारागी-मिझु’, सौम्य करणारे पाणी. पारख करणारे व्यावसायिक घोट गिळत नाहीत, थुंकतात, आणि तसे करण्यात कमीपणा नाही. जपानमध्ये मद्य पिण्याचे वय 20 आहे आणि पिऊन गाडी चालवण्यास माफी नाही. जो मुळीच पीत नाही त्याने या लेखासाठी सुरू करावे, असे कारण कुठेच नाही. जो पितो, त्याला मात्र पाच छोट्या पेल्यांची सवय एका मोठ्या बाटलीपेक्षा संयमाकडे नेते, असे मला मनापासून वाटते. चव ओळखू लागलेला माणूस सावकाश पितो.

मग बाटली. 720 मिलिलिटरची बाटली सामान्य, 1.8 लिटरची मोठी. परदेशातून येताना भारतात दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे लहान दोन किंवा मोठी एक. न तापवलेली ‘नामाझाके’ कितीही आवडली तरी प्रवासासाठी घेऊ नये, तिला सतत थंडावा लागतो. ज्या दुकानात साके शीतकपाटात, उजेडापासून दूर ठेवलेली दिसते, तिथूनच ती घ्यावी. उजेड आणि ऊब हे तिचे शत्रू. शोचू दणकट असते, मुंबईच्या उन्हाळ्यातही टिकते, म्हणून लांबच्या प्रवासाला तीच बरी.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे विचारले तर गोव्याकडे पाहावे. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक ओळख मिळाली, इकी आणि कुमाच्या शोचूला मिळाली तशीच. तिलाही उग्र वास, तिलाही मातीची ओढ, आणि तिच्याही नशिबी पर्यटकाने आकार पाहून उचललेली शोभेची बाटली. जपानची गोष्टही निव्वळ यशाची नाही. 1973 मध्ये साकेचा खप सुमारे सतरा लाख किलोलिटर होता, आज तो त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. तरीही हजारांहून अधिक छोटे कारखाने तग धरून आहेत. गिऱ्हाइकापुढे पेला ठेवण्याची जी रीत त्या देशाने सोडली नाही, तिचाही त्यात वाटा आहे, असे मी मानतो. कागोशिमातल्या इसा इथल्या एका देवळाच्या दुरुस्तीत, लाकडावर 1559 साली सुतारांनी लिहून ठेवलेली एक तक्रार सापडली. पुजारी इतका चिक्कू की त्याने एकदाही शोचू पाजली नाही, असा तिचा मजकूर. ‘शोचू’ या शब्दाचा हाच सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. साडेचारशे वर्षे टिकलेल्या त्या तक्रारीत बाटलीचा, प्रतीचा, किमतीचा उल्लेख नाही. कष्टकऱ्यांनी मागितला होता फक्त एक पेला. टोकियोच्या दुकानात पाहुण्याने तेवढाच मागावा, आणि दुकानदाराने तो द्यावा.